पाणी मारलेली गाडी

"मले कायले इचारतं? तुह्या मनानं पाय," असं म्हणून हिरालालबाबांनी तोंड फिरवलं आणि ते रस्त्यावरून जाणाऱ्या सोयाबीनच्या ट्रॉलीकडे बघत बसले. झालं ते एवढंच. रिसोडहून वाशिमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पवनच्या जुन्या गाड्यांच्या आवारात, दिनेश एका लखलखीत पांढऱ्या गाडीसमोर उभा होता. सवयीनं मान मागे वळवून त्यानं बापाला विचारलं होतं, "बाबा, काय म्हणता?" आणि आयुष्यात पहिल्यांदा मागून उत्तर आलं नव्हतं. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि तिथं सपाट जमीन निघावी, तसं त्याला झालं. अशा वेळी माणूस पडत नाही, कुणाला काही कळतही नाही, पण अंगभर धक्का बसतो. पवन हसत उभा होता. दिनेशची बायको साधना मागच्या सीटवर बसून दार पुन्हा पुन्हा लावून बघत होती. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत, पैरणीच्या खिशात हात घालून, आपला या व्यवहाराशी संबंध नसल्यासारखे बसले होते. रागावले की काय? दिनेशनं सकाळपासूनचं सगळं आठवून बघितलं. चहा वेळेवर झाला होता, भाकरीही त्यांनी पोटभर खाल्ली होती. रागाचं कारण काही सापडलं नाही, आणि त्यामुळे त्याला जास्तच चुकल्यासारखं झालं.

दिनेशनं पन्नाशी ओलांडली होती. डोक्यावरचे केस मागे सरले होते, मुलगा पुण्यात नोकरीला लागला होता, रिसोडच्या भाजीबाजारात लोक त्याला दिनेशभाऊ म्हणून नमस्कार करत होते. पण यातली कुठलीच गोष्ट त्यानं स्वतः निवडली होती असं म्हणता आलं नसतं. गावालगतच्या मळ्यात वांगी लावायची की कोबी, हे बाबा सांगत. विहीर कुठल्या अंगाला खोदायची ते त्यांनीच ठरवलं होतं आणि तिथंच पाणी लागलं होतं. साधनाला बघायला तेच जऊळक्याकडे गेले होते आणि संध्याकाळी परत येऊन, पाय धुता धुता, "जमलं" असं म्हणाले होते. दिनेशला तेव्हा विचारायचं होतं की ती दिसते कशी, पण पाय धुणाऱ्या बापाला हे कसं विचारणार? मग लग्नातच बघितली, आणि बघून जीव भांड्यात पडला. पुढं संसार असा झाला की तक्रारीला जागा राहिली नाही. बापाच्या निवडीत कधी खोट निघाली नाही, हीच त्याची खरी अडचण होती. एखादी विहीर कोरडी लागली असती, एखादं बी उगवलं नसतं, तर कधीतरी दिनेश म्हणाला असता, की बाबा, आता मी बघतो. तशी वेळ आली नाही. तो सुखात होता, आणि सुखात असलेल्या माणसाला भांडायचं सुचत नाही. शर्ट घ्यायलासुद्धा तो साधनाला सोबत नेत असे.

गाडी घ्यायची होती ती आईसाठी. तुळसाबाईचे गुडघे गेल्या पावसाळ्यापासून वाकत नव्हते. जऊळक्याला तिची धाकटी बहीण होती आणि दर पंधरवड्यानं तिला भेटून येण्याची तुळसाबाईची जुनी सवय होती. परवा परवापर्यंत ती काळी-पिवळी जीप पकडून जायची. मग एकदा जीपच्या पायरीवर तिचा पाय वर उचललाच गेला नाही. मागून लोकांनी घाई केली, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, आणि ती कुणाला काही न बोलता घरी परत आली. "जीप भरेल होती," एवढंच म्हणाली. तेव्हापासून ती कुठंच गेली नव्हती. अंगणात बसून मेथी निवडायची, आणि दुरून जीपचा हॉर्न ऐकू आला की हातातली जुडी तशीच धरून थोडा वेळ थांबायची. तिचं ते थांबणं दिनेशनं बघितलं होतं. त्याला ते सहन होईना. नवी गाडी आवाक्याबाहेरची, पण जुनी, भरवशाची, कमी पेट्रोल पिणारी, बारकी गाडी जमण्यासारखी होती. आता अशी गाडी निवडायची कशी? मुलगा अंकुर पुण्याहून रोज एक व्हिडिओ पाठवत होता. त्यात एक तरुण माणूस बॉनेट उघडून, बोट नाचवत, गाडी घेताना काय काय बघावं ते इतक्या भरभर सांगायचा की दिनेशला शेवटी त्याच्या हातातलं घड्याळच लक्षात राहायचं. "पप्पा, मन लावून पाहा," अंकुर म्हणायचा. मन लावायचं तर ते आपल्याजवळ असायला हवं, असं दिनेशच्या मनात येऊन जायचं.

"काका, मक्खन गाडी हाय," पवन म्हणाला. "एका डॉक्टरनं वापरेल हाय. घरून दवाखाना, दवाखान्यातून घर. अ‍ॅव्हरेज असा देते का तुमी पेट्रोलपंपाचा रस्ता इसरून जासान." गाडी खरंच सुंदर होती. पत्र्यावर ऊन सांडलं होतं, टायर काळेभोर चमकत होते, आणि चाकाच्या कडेनं अजून थेंब ओघळत होते. मघाच धुतलेली होती. त्या थेंबांकडे बघता बघता दिनेशला स्वतःचाच हात दिसला. पहाटे बाजाराच्या वाटेवर, ऑटोत जुड्या रचताना, लोट्यातलं पाणी ओंजळीत घेऊन कोथिंबिरीवर शिंपडणारा हात. काल संध्याकाळी उपटलेली कोथिंबीर त्या पाण्यानं अशी काही टवटवीत होते की जणू आत्ताच वाफ्यातून आली. सगळेच करतात. गिऱ्हाइकालाही ते ठाऊक असतं. पण दिनेशला, पाणी मारणारालाच, दुसऱ्यानं पाणी मारलेली जुडी कशी ओळखायची ते पक्कं माहीत होतं. वरून बघायचंच नाही. जुडीच्या पोटात बोट घालायचं. शिळी असली तर आत ऊब लागते, बोट ओलं आणि चिकट होऊन बाहेर येतं. हे त्याला बापानं शिकवलेलं नव्हतं, त्याच्या बोटालाच ते कळत आलं होतं. तो खाली वाकला आणि ड्रायव्हरच्या पायापाशी अंथरलेली रबरी चटई उचलून तिच्याखाली त्यानं बोट घातलं. आत दमट होतं. कोपऱ्यात दाबलं तर बोट ओलं झालं, आणि त्याला अत्तराचा जड गोड वास आला. मांडवात फार लोक जमले की येतो तसला.

आता ओल असली म्हणजे गाडी खराबच, असं काही नाही. धुताना पाणी आत गेलं असेल. डॉक्टरसाहेब पावसात छत्री न घेता बसले असतील. दिनेश या सगळ्या शक्यता मनातल्या मनात पवनच्या बाजूनंच मांडत होता, आणि त्याच वेळी त्याचं बोट मात्र पँटला पुसलं जात होतं. त्यानं पुन्हा बाबांकडे बघितलं. बाबा आता शेजारच्या टायरच्या दुकानाची पाटी वाचत होते. त्यांचा हात तसाच खिशात होता, काहीतरी चाचपत. तंबाखूची डबी असेल असं म्हणावं तर डॉक्टरांनी सोडायला लावून वर्ष झालं होतं. पवननं चावी पुढं केली. तिला लाल रंगाचं, दिवा लुकलुकणारं एक कीचेन होतं. "हे आपल्याकडून फ्री," तो म्हणाला, "मारा एक चक्कर." दिनेशचा हात पुढं झालाही होता. तो मध्येच थांबला आणि त्याच्या तोंडून "नको, पायतो मंग" असे शब्द बाहेर पडले. कुणी दुसराच बोलल्यासारखे त्याला ते ऐकू आले. कान तापले. पवनचं हसणं जरा आखडलं. साधना गाडीतून उतरली, आणि तिघं रस्त्यावर आली तशी तिनं सासूच्या काळजीनं विचारलंच, "काहून सोडली? आत्याबाईचा पाय बरोबर चढला असता तिच्यात. मी पायलं बसून."

"पाणी मारेल होतं," दिनेश म्हणाला.

"कायले?"

"गाडीले. जुडीले मारतो ना आपुन, तसं."

साधना आधी त्याच्याकडे बघत राहिली आणि मग पदर तोंडाला लावून अशी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अवो बाप्पा," ती म्हणाली, "तुमी तं गाडीची कोथिंबीर करून टाकली!" दिनेशलाही हसू आलं, पण आतून तो खट्टू झाला. कदाचित हातची चांगली गाडी गेली. कदाचित आपण एका बोटाच्या भरवशावर आईचं जऊळकं लांबवलं. बाबा रस्त्याच्या कडेला जीपची वाट बघत उभे होते. त्यांनी ऐकलं की नाही ते कळलं नाही.

रिठदला दुसरी गाडी बघायची होती. ती निवृत्त शिक्षक रविकांत गुरुजींची. आठवडी बाजारात साधना भाजी घेऊन बसायची तेव्हा गुरुजी नेमानं तिच्याकडूनच मेथी घेत, आणि मागच्या आठवड्यात नोटांऐवजी औषधाचं पाकीट तिच्या हातावर ठेवून ते स्वतःच खजील झाले होते. त्यांना दिसेनासं होत होतं. गाडी विकून टाकायची म्हणाले होते. तिघं रस्त्यावरच्या जीपमध्ये चढली. बाबांना पुढं जागा मिळाली, दिनेश मागं बसला आणि त्याला समोर बापाची मान दिसत राहिली, सुरकुतलेली, उन्हानं रापलेली. लहानपणी बैलगाडीतूनही ती अशीच पुढं दिसायची. जीपच्या धक्क्यांबरोबर ती डुलत होती आणि दिनेशला चांद्या आठवला. कपाळावर पांढरा ठिपका असलेला तो शेवटचा बैल. मळ्यात ट्रॅक्टर भाड्यानं येऊ लागला तेव्हा बाबांनी चांद्याला विकला. घेणारा माणूस चांगला होता, भाव चांगला आला होता. सगळं झाल्यावर बाबांनी चांद्याच्या गळ्यातलं दावं सोडलं आणि गुंडाळून स्वतःच्या खांद्यावर टाकलं. नुसतं दावं. घरचं दावं देत नाहीत, घेणाऱ्यानं आपलं आणायचं असतं, ही रीत दिनेशलाही माहीत होती. पण तेव्हा तो नुकता कॉलेजात जाऊ लागला होता आणि त्याला चारचौघांत शरम वाटली. "एवढा बैल देल्ला अन् दोरी ठेवून घेतली," तो मोठ्यानं म्हणाला होता. त्यावर कुणी हसलंही होतं. त्या माणसानं पिशवीतून स्वतःचं नवंकोरं दावं काढलं, चांद्याच्या गळ्यात घातलं, आणि ज्या क्षणी ती नवी गाठ बसली त्या क्षणी चांद्या दुसऱ्याचा झाला. मागं वळून बघितलं नाही त्यानं. बाबा मात्र तो वळणापलीकडे जाईपर्यंत उभे होते. जुनं दावं अजूनही गोठ्याच्या खुंटीला होतं. गोठ्यात आता खताच्या गोण्या असायच्या, पण ते कुणी काढलं नव्हतं.

गुरुजींची गाडी टिनाच्या शेडखाली उभी होती, आणि तिच्यावर इतकी धूळ होती की रंग ओळखायला दिनेशला तिच्यावर हात फिरवावा लागला. चहाचा रंग, दूध जरा जास्त झालेल्या. गुरुजी काठी न घेता, शेडच्या खांबांना हात लावत पुढं आले. "पुसून ठेवाची होती," ते म्हणाले, "पण मले कुठं धूळ हाय अन् कुठं नाई ते दिसत नाई आता." मग त्यांनी, कुणी न विचारता, गाडीच्या खोडी सांगायला सुरुवात केली. डाव्या बाजूची काच वर चढताना हातानं जरा ढकलावी लागते. तिसरा गिअर पयल्या खेपेस अडते, तवा तिच्यावर रागवाचं नाई, पुन्हा टाकाचा. बाकी सर्व्हिस वेळच्या वेळी केलेली. गावाकडच्या रस्त्यालाही पेट्रोल जपून पिते. इंजिनानं कधी रस्त्यात बसवलं नाही. ते बोलत होते तोवर त्यांचा हात बॉनेटवर होता. दिनेशला ते सगळं खरं वाटलं आणि लगेच शंकाही आली, की लहान खोडी सांगून मोठी झाकणारेही असतात. तो स्वतः वांग्याच्या क्रेटमध्ये एखादं किडकं वांगं मुद्दाम वर ठेवून गिऱ्हाइकाला दाखवत असे, म्हणजे खालच्यांवर विश्वास बसतो. बाजारात आयुष्य गेलेल्या माणसाला भोळं राहण्याची सोय नसते.

चटई उचलली. खाली कोरडी माती होती, शेंगांची फोलपटं होती, बोराची एक बी होती. त्यानं बोट दाबून बघितलं. कोरडं. मग गुरुजींना शेजारी बसवून त्यानं गाडी गावाबाहेर काढली. दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या, फुलावर आलेल्या, आणि खाली ढकललेल्या काचेतून त्यांचा हिरवा, किंचित कडवट वास येत होता. इंजिनाचा आवाज एकसारखा होता, ओळखीचं माणूस शेजारच्या खोलीत बोलत असावं असा. तिसरा गिअर अडला. दिनेश रागावला नाही, पुन्हा टाकला, पडला. वळण आलं तेव्हा शेजारी गुरुजींचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर हळूच दाबला गेला. त्यांना वळण दिसलं नव्हतं. गाडी कलली आणि पाय आपोआप ब्रेक शोधत गेला. दिनेशनं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. त्याच्या मनात कुठलाही हिशेब जुळला नाही, व्हिडिओतल्या माणसाचा एकही शब्द आठवला नाही. फक्त त्याला एक दिसलं. पुढच्या सीटवर आई बसली आहे, काच हातानं ढकलून वर करते आहे, आणि जऊळक्याच्या फाट्यावर बहिणीला सांगते आहे की या काचेची अशी खोड आहे. त्याला बरं वाटलं. इतकं साधं, स्वच्छ बरं वाटणं त्याला फार दिवसांत आठवत नव्हतं.

परत आले तेव्हा साधना मागच्या सीटवर बसून, उतरून, पुन्हा बसून आत्याबाईच्या पायाची उंची बघून आली. "चढते," ती म्हणाली. ओसरीवर गुरुजींची बायको बाबांना लिंबाच्या झाडाला औषध काय मारावं ते विचारत होती आणि बाबा सविस्तर सांगत होते. दिनेशची मान सवयीनं तिकडे वळायला लागली. त्याला ती वळताना जाणवली. अर्ध्यात असतानाच तो म्हणाला, "घेतली." आवाज जरा मोठाच निघाला, बाजारात भाव पुकारल्यासारखा. गुरुजी दचकले. लिंबाचं बोलणं थांबलं. आकाश कोसळलं नाही. शेडवर एक कावळा बसला होता तो बसूनच राहिला. किमतीचं बोलणं चहाबरोबर झालं आणि कुणी फार ताणलं नाही. कागदपत्रांचं सोमवारी वाशिमला जाऊन करायचं ठरलं.

चावी देताना गुरुजी थांबले. चावी एका पितळी कडीत होती, वापरून वापरून पातळ झालेल्या. ते नखानं कडी फाकवायला लागले. जमेना. नजर लावूनही उपयोग नव्हता, म्हणून डोळे मिटून ते बोटांनी चाचपत राहिले. दिनेश मदतीला पुढं झाला नाही. पुढं व्हायचं नसतं हे त्याला कळलं. शेवटी चावी सुटली. "हे कडं राहू द्या माह्यापाशी," गुरुजी ओशाळून म्हणाले, "तुमच्या काय कामाचं." त्यांनी कडी सदऱ्याच्या खिशात टाकली आणि नागडी चावी दिनेशच्या तळहातावर ठेवली. दिनेशनं मूठ मिटली. एवढी वर्षं त्यानं गोठ्याच्या खुंटीकडे बघितलं होतं, आणि बापानं तिथं काय टांगून ठेवलंय ते त्याला आज या परक्या अंगणात कळत होतं.

तेवढ्यात बाबा उठले. गुडघ्यावर हात रेटत, सावकाश. जवळ आले, आणि सकाळपासून पैरणीच्या खिशात काहीतरी चाचपणारा त्यांचा हात बाहेर आला. त्यात वीतभर दोरी होती. अंबाडीच्या वाखाची, तीन पदरी वळलेली, नवीकोरी, टोकाला बैलाच्या शिंगाला बांधतात तसा छोटा लाल गोंडा. कधी वळली त्यांनी? मागच्या आठवड्यात ते गोठ्यामागं पाठ करून बसले होते खरे. दिनेशला वाटलं होतं, चोरून तंबाखू खाताहेत.

"धर," बाबा म्हणाले. "आपलं दावं लागते."

गुरुजींना काही दिसलं नव्हतं, पण ऐकू आलं होतं. ते हसले आणि त्यांनी खिशावरून एकदा हात फिरवला. दिनेशनं चावी ओवली. "गाठ नीट मार," बाबा म्हणाले. त्यानं नीट मारली.

येताना बाबा पुढं बसले, साधना मागं पाय लांब करून. ऊन कललं होतं. रस्ता ओळखीचा होता आणि तरी दिनेशला तो पहिल्यांदा दिसत होता, कारण समोर कुणाची मान नव्हती. मग त्याला राहवेना. "बाबा, थे पांढरी घेतली असती तं?"

"तं तिले बांधलं असतं," बाबा म्हणाले. "माह्या खिशात एकच व्हतं."

मागून साधना हसली. रिसोड जवळ आलं, पवनचं आवार आलं. पांढरी गाडी तशीच उभी होती, आणि एक माणूस तिच्यावर पाइपानं पुन्हा पाणी मारत होता. तिघांनीही बघितलं. आवार मागं पडेपर्यंत बाबा मान वळवून बघत राहिले. मग समोर बघत, जरा खाकरून, म्हणाले, "थे पाण्याचं मले नाई सुचलं. तुह्या जागी मी असतो तं थेच घेतली असती."

दिनेशनं चावीला लोंबणाऱ्या लाल गोंड्याला एकदा बोट लावलं. पुढं घराचं वळण होतं आणि अंगणात आई मेथी निवडत बसली असेल. त्यानं तिसरा गिअर टाकला. अडला. त्यानं पुन्हा टाकला.